एका गालाची सूज

चिखलातून नुकतीच काढलेली चिखलकोळंबी तळहातावर घेऊन पाठीकडून पाहिली, तर डोक्यावरच्या ढालीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या खाड्यांत, गेली काही दशकं त्या सारख्या दिसत नाहीत. कुणी विड्याचा तोबरा एका गालात धरून ठेवावा तशी एक बाजू फुगलेली असते. कधी डावी, कधी उजवी. ढालीची कड चिमट्याने अलगद उचलली की आत कल्ल्यांच्या पोकळीत एक चपटा, फिकट, वाकड्या अंगाचा जीव बसलेला दिसतो. पावसाळ्यात कुंडीखालच्या ओल्या मातीत सापडणारे, बोट लागताच अंगाची गोळी करणारे राखाडी जीव ज्या गटातले, त्याच गटातला हा, म्हणजे आयसोपॉड. जागा अडवून बसलेली ही मादी असते आणि तिच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढा नर चिकटलेला असतो. दोघांचं पोट भरतं ते कोळंबीच्या रक्तावर.

कोळंबीचं नाव उपोजेबिया प्युजेटेन्सिस. आयसोपॉडचं ऑर्थायोनी ग्रिफेनिस. पहिलं नाव १८५२ सालचं, दुसरं २००४ सालचं. मधल्या दीडशे वर्षांत या किनाऱ्यावर काय घडलं हे समजायला या दोन नावांचा माग काढावा लागतो. नाव ठेवणं हे संग्रहालयातल्या माणसांचं निवांत काम, चिखलात जे व्हायचं ते त्याच्याविना होतच असतं, असा समज आहे. चिखलकोळंबीच्या बाबतीत तो खरा नाही. नाव चुकलं की नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकला की एखादा प्राणी एखाद्या खाडीतून नाहीसा होत असताना कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आधी प्राण्याविषयी. ‘कोळंबी’ म्हणायचं ते सोयीसाठी. आपल्या बाजारात टोपलीत येते ती समुद्री कोळंबी पोहणारी. ती अंडी सरळ पाण्यात सोडते, म्हणून तिच्या पोटाखाली अंड्यांचा घोस कधी दिसत नाही. चिखलकोळंबी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते. नात्याने ती खेकडे, शंखातले खेकडे आणि शेवंड यांच्या बाजूची. पूर्ण वाढ झाली की दहा-बारा सेंटिमीटर. रंग निळसर करडा किंवा मातकट, कपाळाचं टोक केसाळ, डोळे त्या केसांत बुडालेले. पुढचे दोन्ही नांगे एकसारखे. ही शेवटची खूण लक्षात ठेवावी, कारण त्याच खाड्यांत तिची शेजारीण राहते, निओट्रिपिया कॅलिफोर्नियेन्सिस. ती फिकट गुलाबी-केशरी, आणि तिच्यातल्या मोठ्या नराचा एक नांगा दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा. एकाच फावड्यात दोघी निघतात आणि घाईत एकाच बादलीत जातात. पुढचा अर्धा घोळ तिथेच सुरू होतो.

प्युजेटेन्सिस म्हणजे प्युजेटची. जॉर्ज व्हँकुव्हरने १७९२ साली आपला लेफ्टनंट पीटर प्युजेट याचं नाव ज्या आखाताला दिलं, ते प्युजेट साउंड. अमेरिकन सरकारची शोधमोहीम १८३८ ते १८४२ अशी चार वर्षं चार्ल्स विल्क्सच्या हाताखाली जगभर फिरली. तिची दोन जहाजं १८४१ च्या मे महिन्यात प्युजेट साउंडमध्ये शिरली. मोहिमेत कवचधारी प्राण्यांचं काम जेम्स ड्वाइट डाना याच्याकडे होतं, पण तो त्या वेळी पीकॉक नावाच्या वेगळ्या जहाजावर, दूर प्रशांत महासागरात होता. जुलैत पीकॉक कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर चढलं आणि फुटलं. माणसं सगळी वाचली. डानाने गोळा केलेले नमुने मात्र जहाजाबरोबर गेले. इतरांनी जमवलेले नमुने आणि उरलंसुरलं साहित्य घेऊन त्याने पुढे वर्णनं लिहिली, आणि १८५२ मध्ये ही कोळंबी ‘जेबिया प्युजेटेन्सिस’ म्हणून छापली गेली.

जेबियाचं उपोजेबिया कसं झालं, तर अग्रहक्काच्या नियमाने. इंग्लंडच्या विल्यम लीचने १८१४ साली उपोजेबिया हे प्रजातीनाम, म्हणजे जोडनावातला पहिला शब्द, दिलं होतं. जेबिया त्याच्याच हातचं, पण नंतरचं. आधीचं टिकतं, नंतरचं गळतं. म्हणून आज पूर्ण नाव लिहिताना ‘उपोजेबिया प्युजेटेन्सिस (डाना, १८५२)’ असं लिहितात. डानाभोवतीचा तो कंस शोभेचा नाही. जातीचं नाव डानाचं आहे, पण त्याने ते वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं, एवढी माहिती त्या दोन वळणांत भरलेली असते. कंस नसेल तर समजायचं की नाव ज्या प्रजातीत जन्मलं तिथेच अजून आहे. यादी टंकताना कंस गाळणं ही रोजची चूक आहे, आणि तिच्यामुळे मूळ वर्णन शोधणारा माणूस चुकीच्या प्रजातीखाली दिवसचे दिवस चाळत बसतो.

यापेक्षा मोठी अडचण नमुन्यांची. एखाद्या जातीचं नाव शेवटी एका प्रत्यक्ष नमुन्याशी बांधलेलं असतं. वर्णनाच्या शब्दांवरून वाद झाला की त्या नमुन्याची बरणी उघडायची आणि पाहायचं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडचा कवचधारी प्राण्यांचा मोठा संग्रह विल्यम स्टिम्प्सनने अभ्यासासाठी शिकागोला नेला होता. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो जळलं आणि संग्रहही जळला. विल्क्स मोहिमेचे कितीतरी नमुने त्यात होते. आधी पाण्याने नेलं, उरलं ते आगीने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं वर्णन चार-सहा ओळींचं असायचं. त्या काळी ज्ञात जाती थोड्या, तेव्हा वेगळेपण सांगायला तेवढं पुरे होई. पुढे सारख्या दिसणाऱ्या दोन जाती समोर आल्या की त्या चार ओळी दोघींनाही लागू पडतात.

इथे नेमकं तेच झालं. शंभरावर वर्षं अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत जी कुठली उपोजेबिया चिखलात सापडली, ती बहुतेक वेळा ‘प्युजेटेन्सिस’ म्हणूनच नोंदली गेली. नकाशावर अखंड पट्टी: एक जात, थंड पाण्यातही तीच, कोमट पाण्यातही तीच. १९८६ साली ऑस्टिन विल्यम्स यांनी पूर्व प्रशांतातल्या उपोजेबियांचा सगळा पसारा एकत्र मांडून तपासला आणि दक्षिणेकडची जात वेगळी काढली: उपोजेबिया मॅकगिनिटीओरम विल्यम्स, १९८६. कंस नाही, पाहा. प्युजेटेन्सिसची दक्षिणेची हद्द मागे सरकून कॅलिफोर्नियातल्या मोरो बेपर्यंत आली आणि तिथून खालचा, दक्षिण कॅलिफोर्निया ते बाहापर्यंतचा किनारा नव्या नावाकडे गेला.

नावाच्या शेवटचं ‘ओरम’ अर्थपूर्ण आहे. लॅटिन व्याकरणात एका पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिलं तर शेवटी ‘आय’ येतो, एका स्त्रीसाठी ‘ए-ई’, आणि पुरुष-स्त्री मिळून असतील तर ‘ओरम’. हे नाव जॉर्ज आणि नेटी मॅकगिनिटी या जोडप्याचं. जॉर्जने १९३० साली चिखलकोळंबीच्या राहणीवर लिहिलं होतं आणि पुढे दोघांनी मिळून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काम केलं. एका अक्षरसमूहात त्या बाईंचं कामही नोंदलं गेलं, ही मला या सगळ्या कोरड्या कारभारातली फार देखणी गोष्ट वाटते.

दोन उपोजेबिया वेगळ्या करायच्या तर पाहायचं काय? रंग नाही; अल्कोहोलमध्ये तो दोन दिवसांत उतरतो. आकारही नाही, तो वयावर. पाहायचे ते काटे. कपाळाच्या टोकाच्या दोन्ही कडांचे दात किती, टोकाच्या खालच्या अंगाला काटे आहेत की नाहीत, डोळ्यामागे ढालीच्या कडेवर काटा आहे का, नांग्याच्या प्रत्येक पेराच्या वरच्या आणि आतल्या कडेला काय आहे, नांग्याचं न हलणारं बोट हलणाऱ्याच्या मानाने किती लांब. हे सगळं भिंगाखाली, दोन्ही बाजूंनी, आणि एकाच नाही तर निदान पाच-सहा प्राण्यांवर तपासायचं, कारण काटे झिजतात, तुटतात, कात टाकल्यावर नव्याने येताना तोकडे येतात. पिल्लांत बऱ्याच खुणा उमटलेल्याच नसतात. दीड सेंटिमीटरच्या पिल्लावरून जात ठरवून नकाशावर ठिपका ठेवणं हा उतावळेपणा. तिथे ‘उपोजेबिया, जात अनिश्चित’ असं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

वरच्या पातळीवरही नावांची उलथापालथ झालीच. चिखलात बिळं करणाऱ्या या सगळ्यांना पूर्वी थॅलासिनिडिया या एका गटात बसवत. लांबट अंग, पातळ कवच, बिळाची सवय, म्हणून एक घराणं. १९७९ मध्ये मिशेल द सँ-लॉराँ यांनी त्यांची दोन घराणी मांडली, जेबिडिया आणि ॲक्सिडिया. पुढे २००८-०९ च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासांनी तेच सांगितलं: ही एका घराण्याची भावंडं नाहीत, बिळात राहून राहून सारखी दिसायला लागलेली परकी माणसं आहेत. ओळखायची खूण सोपी. पायांची दुसरी जोडी पाहा. टोकाला पुरता चिमटा असेल तर ॲक्सिडिया. चिमटा अर्धवट असेल किंवा साधं नख असेल तर जेबिडिया. आपली फिकट शेजारीण पहिल्यात, आपली चिखलकोळंबी दुसऱ्यात.

जुने कागद वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. १९७१ साली के. एन. संकोल्ली यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या या प्राण्यांचा आढावा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला, तो त्याच जुन्या गटाच्या थॅलासिनॉइडिया या नावाखाली. आज कुणी फक्त ‘जेबिडिया’ शोधत बसला तर आपल्याच किनाऱ्याचा हा दस्तऐवज त्याच्या हाताला लागणार नाही. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, स्टॅन्ली केम्पने ओडिशातल्या चिल्का सरोवरातून उपोजेबिया हेटेरोकिर ही जात वर्णिली. ग्रीकमध्ये ‘हेटेरोकिर’ म्हणजे वेगवेगळ्या हातांची. जगभरात उपोजेबियाच्या शंभराहून जास्त जाती आहेत, आणि त्यांच्या नकाशांवर ठिपक्यांची गर्दी असते ती जिथे कुणीतरी फावडं घेऊन उतरलं तिथे. मधल्या कोऱ्या जागा प्राण्यांच्या नसतात, बहुतेक वेळा खणणाऱ्यांच्या असतात.

आता बिळाकडे. प्युजेटेन्सिसचं बीळ इंग्रजी वाय अक्षरासारखं: वर दोन तोंडं, खाली दोन्ही फाटे मिळून एक दांडा. दोन तोंडांमधल्या वळणात ती बसते आणि पोटाखालचे रुंद पाय वल्ह्यासारखे मारत राहते. एका तोंडातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. पुढच्या दोन जोड्यांच्या पायांवर दाट केस असतात. ते एकमेकांत गुंतवून ती टोपली करते आणि आत येणाऱ्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, तरंगतं अन्न त्यात अडकवते. थोड्या वेळाने टोपली चाटूनपुसून तोंडात. बिळाच्या भिंतीला ती आपल्या अंगातला चिकट स्राव आणि बारीक गाळ लावून गिलावा करते. हात फिरवला तर भिंत गुळगुळीत आणि घट्ट लागते, सारवलेल्या भुईसारखी. या गिलाव्याने पाणी बाजूच्या चिखलात झिरपत नाही. शेजारणीचं सारं उलट. ती पाणी गाळत नाही, गाळ खाते. सतत उकरते, तिच्या बिळाला पक्की भिंत नाही आणि तोंडाशी ज्वालामुखीसारखा वाळूचा ढीग. म्हणून एकीच्या वस्तीत चिखल टणक राहतो, दुसरीच्या वस्तीत पाय घोट्याच्या वर रुततो.

गिलावा केलेलं घर म्हटलं की बिऱ्हाडकरू आलेच. स्क्लेरोप्लॅक्स ग्रॅन्युलाटा नावाचा वाटाण्याएवढा खेकडा बिळात राहतो. ओहोटीला छोटा गोबी मासा आत दडतो. क्रिप्टोमिया नावाचा शिंपला बाहेरच्या चिखलात पुरलेला असतो, पण त्याची पाण्याची नळी इतकी आखूड की वरपर्यंत पोचत नाही. म्हणून ती तो कोळंबीच्या बिळात उघडतो आणि तिच्याच वाहत्या पाण्यावर जगतो. निएरोमिया रुगिफेरा हा दुसरा शिंपला तर थेट तिच्या पोटाखाली, धाग्यांनी चिकटून. आणि पोटाखालच्या पायांमध्ये एक आयसोपॉड, फिलोड्युरस ॲब्डॉमिनॅलिस. हा इथलाच, जुना. स्टिम्प्सनने १८५७ साली त्याचं वर्णन केलं. तोही रक्तच पितो, पण त्याची जागा पोटाखाली. कल्ल्यात बसतो तो वेगळा. बिऱ्हाडकरू कुठे बसलाय हे नोंदवलं नाही तर ‘आयसोपॉड आढळला’ एवढ्या नोंदीचा पुढे काहीच उपयोग होत नाही. जुन्या कागदांत अशा नोंदी आहेत आणि त्या वाचताना जीव हळहळतो.

मोजदाद कशी करतात ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सारा निकाल तिच्यावर उभा असतो.

वरून भोकं मोजणं सगळ्यात स्वस्त. मीटरभर चौकट टाकायची, भोकं मोजायची, एका बिळाला दोन तोंडं म्हणून दोनाने भागायचं. पण गिलावा केलेलं बीळ मालकीण मेल्यावरही बराच काळ उघडं राहतं. वस्ती भरभराटीत असते तेव्हा हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. ती कोसळत असते तेव्हा तो खोटं बोलतो, आणि नेमकी तेव्हाच खऱ्या आकड्याची गरज असते. म्हणून खणायचं. चाळीस सेंटिमीटर व्यासाचा धातूचा किंवा जाड प्लास्टिकचा नळकांडा साठ सेंटिमीटर खोल दाबायचा, आतला चिखल थराथराने उपसायचा आणि जाळीवर पाण्याने धुवायचा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मीटर भरतं, म्हणजे सापडलेल्या संख्येला आठाने गुणलं की चौरस मीटरचा आकडा येतो. बारा सापडल्या तर सुमारे शहाण्णव. नळकांडा दाबायला वेळ लावला की कोळंब्या दांड्यातून साठच्याही खाली सटकतात आणि आकडा कमी येतो. दोघांनी एकदम भार टाकून झटक्यात दाबावा, आणि उपसून झाल्यावर तळाशी हात घालून पाहावं.

उलट्या पिचकारीसारखा हातपंपही वापरतात: भोकावर नळी टेकवायची, दांडा ओढायचा, चिखलासकट प्राणी वर. भुसभुशीत वाळूतल्या शेजारणीसाठी तो छान. टणक चिखलात आणि पक्क्या भिंतीच्या बिळात मात्र त्याच्या हाती पाणीच येतं. निव्वळ पंपाने केलेल्या पाहणीत म्हणूनच शेजारीण जास्त आणि चिखलकोळंबी कमी दिसते. ते अवजाराचं माप आहे, खाडीचं नव्हे.

वेळही पाहावी लागते. ओरेगनच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या सकाळी लागतात, हिवाळ्यातल्या रात्री. माद्यांच्या पोटाखाली अंडी असतात ती हिवाळ्यात, शरदाच्या अखेरीपासून वसंतापर्यंत. म्हणजे किती माद्या अंड्यांवर आहेत हे पाहायचं तर थंडीत, अंधारात, कपाळाला दिवा बांधून उतरायचं. उन्हाळ्यातल्या सोयीच्या सकाळी गोळा केलेल्या माद्यांवरून ‘अंडी आढळली नाहीत’ असं लिहिलं तर ते खरं असूनही निरर्थक असतं. वसंतात अंड्यांतून पिल्लं सुटतात, ओहोटीबरोबर समुद्रात जातात, तरंगत्या अवस्थेतून जाताना तीन वेळा रूप बदलतात आणि मग भरतीबरोबर एखाद्या खाडीत परततात. ज्या खाडीतून गेली त्याच खाडीत परततील असं नाही. त्यामुळे एका खाडीची वस्ती दुसऱ्या खाडीच्या पिल्लांवर तगू शकते, आणि सगळ्याच खाड्यांतल्या माद्या अंडी घालेनाशा झाल्या तर बाहेरून भरपाई करणारं कुणी उरत नाही.

नमुना जपण्याचेही कायदे आहेत. प्रत्येक प्राणी वेगळ्या बाटलीत, कारण घाबरला की तो नांगा सांध्यातून सोडून देतो, आणि दहा प्राण्यांच्या बरणीत मग दहा धडं आणि वीस नांगे उरतात. डीएनए हवा असेल तर पंचाण्णव टक्के इथेनॉल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी मिसळून ते पातळ होतं. फॉर्मालिनमध्ये आकार उत्तम टिकतो, पण डीएनएचे तुकडे होतात. चिठ्ठी पेन्सिलने, बाटलीच्या आत. बाहेर चिकटवलेली सुटते आणि शाईची विरघळते. पेशी घ्यायच्या त्या पायाच्या स्नायूतून. कल्ला मऊ आणि सोपा म्हणून हात तिकडे जातो, पण गाल फुगलेला असेल तर त्या तुकड्यात आयसोपॉडही येतो. जातओळखीसाठी सगळीकडे वापरला जाणारा सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायला जे प्रायमर, म्हणजे वाचन कुठून सुरू करायचं ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, लावतात, ते १९९४ पासून प्रचलित असलेले सर्वसाधारण प्रायमर आहेत. कोळंबी आणि आयसोपॉड यांत ते भेद करत नाहीत. यंत्र प्रामाणिकपणे आयसोपॉड वाचतं आणि तो कोळंबीच्या नावावर जमा होतो.

त्या आयसोपॉडला नाव मिळालं ते जॉन मार्कहॅम यांच्याकडून. ब्लेन ग्रिफेन हे ओरेगनच्या याक्विना बेमध्ये चिखलकोळंबी किती पाणी गाळते याचं मोजमाप करत होते. ग्रिफेनिस हे नाव त्यांच्यावरून. अमेरिकेतून मिळाला, अमेरिकेत वर्णिला, नवी जात म्हणून २००४ साली जाहीर झाला. शास्त्राला नवी होती हे खरंच. पण शास्त्राला नवी म्हणजे त्या जागेची रहिवासी, असा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो, आणि इथे तो चुकीचा होता. बरण्या पुन्हा उघडल्या गेल्या. अमेरिकन किनाऱ्यावर १९८० च्या दशकाआधीच्या नमुन्यांत कल्ल्यातला हा आयसोपॉड सापडेना. पलीकडे जपान आणि चीनच्या किनाऱ्यांवर मात्र तिथल्या चिखलकोळंब्यांच्या गालांत तोच निघाला. तो आशियाचा. फक्त त्याचं बारसं परक्या घरी झालं.

जपानमधली त्याची यजमानीण उपोजेबिया मेजर, जपानी नाव आनाजाको. तिची बिळं दोन मीटरहून खोल जातात; राळ ओतून काढलेले साचे माणसापेक्षा उंच निघाले आहेत. क्यूशूच्या आरियाके समुद्राकाठी तिला पकडायची रीत पाहण्यासारखी आहे. ओहोटीला वरचा चिखल कुदळीने तासून भोकं मोकळी करतात आणि प्रत्येक भोकात अक्षरं गिरवायचा एक-एक कुंचला खोचून ठेवतात. घरात कुणी घुसलं म्हणून कोळंबी कुंचला खालून ढकलते. तो थरथरत वर येतो. माणूस तो हळूहळू वर ओढत तिला भोकाच्या तोंडाशी आणतो, नांगे दिसले की बोटांनी नेमके धरतो आणि ताण न देता बाहेर काढतो. जोर केला तर हातात नांगा राहतो, कोळंबी खाली. मग तळून ताटात. त्या किनाऱ्यावर आयसोपॉड आणि आनाजाको दोघंही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आहेत आणि दोघंही टिकून आहेत.

प्रशांत ओलांडून तो आला कसा, याचा धागा त्याच्या जीवनक्रमात आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू आधी कोपेपॉड या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवाला चिकटतं, त्याच्यावर वाढून रूप बदलतं, मग त्याला सोडून कोळंबीच्या शोधात निघतं. तरंगते कोपेपॉड जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतल्या, म्हणजे तोल राखायला भरून घेतलेल्या, पाण्यातून महासागर ओलांडतात. त्यांच्याबरोबर तो आला असावा, हे अनुमान सर्वांत जुळणारं आहे.

अमेरिकन कोळंबीला त्याची सवय नव्हती. तो तिला लगेच मारत नाही. रक्त इतकं जातं की अंडी तयार करायला ताकद उरत नाही. मादी दिसायला धडधाकट, बीळ शाबूत, पाणी गाळणं चालू, पण पोटाखाली काही नाही. काही खाड्यांत अंडी घालण्याच्या वयाच्या बहुतेक माद्यांचे गाल फुगलेले निघाले. अशा वस्तीचा अंत आवाज न करता येतो. आहेत त्या म्हाताऱ्या होतात, नव्या येत नाहीत, आणि चारपाच वर्षांत चिखलात भोकं तेवढी उरतात. वॉशिंग्टनच्या विलापा बेमध्ये आणि इतर कित्येक ठिकाणी असंच झालं.

आणि विलापा बेमध्ये हे व्हावं यात विशेष क्लेश आहे, कारण तिथे माणसं या प्राण्याशी आधीच भांडत होती. कालवांची शेती चिखलाच्या पृष्ठभागावर करतात. बिळांनी जमीन भुसभुशीत झाली की कालवं खाली जातात आणि गुदमरून मरतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं होतं. त्यावर उपाय म्हणून १९६३ पासून सुमारे पन्नास वर्षं विलापा बे आणि ग्रेज हार्बरमध्ये ओहोटीच्या वेळी कार्बारिल हे कीटकनाशक फवारलं गेलं. त्याच्या जागी इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक वापरायची मागणी राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये नाकारली. या सगळ्या वादात कागदांवर शब्द असायचा ‘बिळं करणाऱ्या कोळंब्या’. दोन वेगळ्या घराण्यांतल्या दोन जाती एका शब्दात. जमीन जास्त भुसभुशीत करणारी शेजारीण अजूनही भरपूर आहे. गिलावा करणारी, पाणी गाळणारी दुसरी त्याच काळात गालातल्या आयसोपॉडने संपत होती, आणि एकत्र आकड्यात ते बुडून गेलं.

तिच्याबरोबर कोण जातं, तेही पाहावं. पोटाखालचा शिंपला निएरोमिया, आणि स्टिम्प्सनचा जुना, इथलाच आयसोपॉड फिलोड्युरस. परजीवी म्हणून त्याच्यासाठी कुणी हळहळत नाही, पण या खाड्यांत त्याला दुसरं घर नाही.

आज या किनाऱ्यावर प्युजेटेन्सिसचा नकाशा करायचा तर भरीव ठिपका, पोकळ ठिपका अशा दोन खुणा लागतात: भरीव म्हणजे अलीकडे जिवंत सापडलेली, पोकळ म्हणजे जुन्या बरणीत आहे, चिखलात नाही. पोकळ ठिपका ठेवायला पुरावा लागतो आणि तो गोळा करणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात कमी कौतुकाचं काम आहे. तारीख, ओहोटीची वेळ आणि पातळी, जागेचे अक्षांश-रेखांश, नळकांड्याचा व्यास आणि खोली, किती नळकांडे दाबले, जाळीचं छिद्र किती मिलिमीटर, वरून किती भोकं दिसली, निओट्रिपिया किती निघाल्या. आणि शेवटच्या रकान्यात, पेन्सिलने, ठळक: उपोजेबिया प्युजेटेन्सिस, ०.